आप्पांचं गुड कोलेस्टेरॉल : एमआर प्रकल्पाच्या नोंदी

७ जून २०२५, शनिवार

हे सगळं कुठून सुरू झालं ते आधी लिहून ठेवते, नाहीतर महिन्याभराने मलाच आठवणार नाही. मागच्या रविवारी सांगलीला गेले होते तेव्हा आप्पांचा, म्हणजे माझ्या मोठ्या काकांचा, लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट टेबलावर पडला होता, एलडीएल म्हणजे बॅड कोलेस्टेरॉल १५२, एचडीएल म्हणजे गुड ६४, डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल कमी करायला स्टॅटिनची गोळी लिहून दिलेली आणि आप्पा घ्यायला तयार नाहीत. का, तर "अगं गुड कोलेस्टेरॉल चौसष्ट आहे माझं, बॅडला ते धुऊन काढतं, मला काय होतंय?" काकू म्हणाली, तू स्टॅटिस्टिक्स शिकलीस ना, सांग जरा ह्यांना. मी गप्प. कारण एचडीएल जास्त असलेल्यांना हार्ट अटॅक कमी येतात हे अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या जुन्या स्टडीपासून दिसत आलंय हे मलाही माहीत होतं, म्हणजे आप्पांचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं.

पण ज्याचं एचडीएल जास्त तो माणूस बरेचदा चालतो-फिरतो, सिगारेट ओढत नाही, पोट सुटलेलं नसतं, ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, कमी असतात. मग त्याला वाचवलं कोणी, एचडीएलने की सकाळच्या फिरण्याने? रिग्रेशनमध्ये सगळं टाकून ॲडजस्ट केलं म्हणायचं, पण जे मोजलंच नाही ते कसं ॲडजस्ट करणार. बीटा कॅरोटिनचा किस्सा कॉलेजात शिकवला होता तो आठवला: ज्यांच्या रक्तात ते जास्त त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर कमी, म्हणून फिनलंडमध्ये २९ हजार सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर ट्रायल केली, १९९४ ला निकाल आला आणि गोळी घेणाऱ्यांत कॅन्सर १८ टक्के जास्त निघाला. भाज्या खाणारी माणसं वेगळी आणि त्यातला एक पदार्थ गोळीत भरून देणं वेगळं.

तर ठरवलंय की ऑफिसनंतरच्या वेळात हेच मेंडेलियन रँडमायझेशनने (एमआर, म्हणजे जीनवरून कारण शोधायची पद्धत) करून बघायचं, सगळा डेटा फुकट उपलब्ध आहे. आधी एलडीएल करणार कारण त्याचं उत्तर माहीत आहे, ते बरोबर आलं तरच एचडीएलला हात लावायचा.

९ जून, सोमवार

पद्धत स्वतःच्या शब्दांत लिहून बघते, लिहिता नाही आली तर कळलेली नाही.

आई-बापाकडे प्रत्येक जीनच्या दोन दोन प्रती, मुलाला प्रत्येकाकडची एक मिळते, कुठली ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं. समजा एखाद्या प्रतीमुळे एलडीएल जन्मभर थोडं कमी राहतं. ही चिठ्ठी काढताना तू पुढे सिगारेट ओढणार की नाही, भाजी खाणार की वडापाव, हे कोणी विचारलेलं नसतं. म्हणजे निसर्गानेच एक ट्रायल लावून दिलीये, अर्ध्यांना कमी एलडीएलची चिठ्ठी, अर्ध्यांना साधी, आणि आपण पन्नास-साठ वर्षांनी जाऊन कुणाला अटॅक आला ते मोजायचं. आणखी एक फायदा म्हणजे उलटी गंगा वाहत नाही, आजारामुळे रक्तातलं कोलेस्टेरॉल बदलेल पण जन्माला येताना मिळालेला जीन बदलणार नाही.

गंमत म्हणजे ही युक्ती पहिल्यांदा सुचली तीही कोलेस्टेरॉलवरूनच. १९८० च्या दशकात कमी कोलेस्टेरॉल असलेल्यांत कॅन्सर जास्त दिसत होता आणि लोक घाबरले होते की कमी करून आपण कॅन्सर तर ओढवून घेत नाही ना. मार्टाइन काटान नावाच्या डच संशोधकाने १९८६ ला लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये छोटंसं पत्र लिहिलं, की एपीओई जीनचा ई-२ प्रकार असलेल्यांचं कोलेस्टेरॉल जन्मापासूनच कमी असतं, मग कमी कोलेस्टेरॉल हे खरंच कारण असेल तर कॅन्सरच्या पेशंटमध्ये ई-२ वाले जास्त सापडले पाहिजेत, मोजून बघा. एवढंच. पुढे २००३ मध्ये ब्रिस्टलच्या जॉर्ज डेव्ही स्मिथ आणि शाह इब्राहिम यांनी त्यावर मोठा लेख लिहिला आणि मग गाडी सुटली.

अटी तीन. जीनचा त्या गोष्टीशी, इथे एलडीएलशी, संबंध पक्का हवा. जीन आणि आजार या दोघांनाही ओढणारं तिसरं काही नको. आणि जीनचा आजारापर्यंत जाणारा रस्ता फक्त एलडीएलमधूनच जायला हवा, मागच्या दाराने नाही. पहिली डेटावरून तपासता येते, एफ स्टॅटिस्टिक, म्हणजे संबंध किती पक्का ते सांगणारा आकडा, दहाच्या वर आहे का बघायचं. दुसरी थोडीफार. तिसरी कुठल्याच टेस्टने सिद्ध होत नाही, जीन शरीरात काय करतो ते वाचावंच लागतं, आणि मला बायोलॉजी बारावीनंतर सुटलेली. इथे माझं अवघड होणार हे आत्ताच दिसतंय.

१२ जून, गुरुवार

आर या स्टॅटिस्टिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये टू-सॅम्पल-एमआर पॅकेज टाकलं. ओपन-जीवॉसमधून, म्हणजे कुठला जीनबदल कशाशी किती जोडलेला याच्या आकड्यांच्या खुल्या साठ्यातून, डेटा खेचायला आता टोकन लागतं, ते काढलं, एन्व्हायर्नमेंट फाइलमध्ये टाकलं, तरी परवानगी नाही म्हणतंय. दोन तास गेले. शेवटी कंटाळून मूळ गटांच्या साइटवरून फाइल्सच उतरवून घेतल्या: लिपिडसाठी ग्लोबल लिपिड्स कन्सोर्शियमची २०१३ ची, सुमारे १ लाख ८८ हजार माणसं, आणि हृदयविकारासाठी कार्डिओग्रामची २०१५ ची, ६० हजार ८०१ पेशंट आणि १ लाख २३ हजार ५०४ विनाआजार. घरबसल्या फुकटात. माझ्या ऑफिसात तीनशे माणसांचा सर्व्हे करायचा तर चार मीटिंगा होतात.

१४ जून, शनिवार

आज मी एलडीएल हृदयाला चांगलं असतं असा शोध लावला.

म्हणजे झालं असं की टोकन चालत नव्हतं म्हणून पॅकेजचं हार्मोनाइझ वगैरे न करता मी दोन्ही फाइल्स स्निपच्या (डीएनएतल्या एका अक्षराच्या बदलाच्या) नंबरावर सरळ मर्ज केल्या, प्रत्येक स्निपच्या आजारावरच्या परिणामाला एलडीएलवरच्या परिणामाने भागलं, सरासरी काढली. स्कॅटर प्लॉट बघितला तर डोंगरावर मेंढ्या सोडल्यासारखे ठिपके, काही वर काही खाली, सरासरी शून्याजवळ आणि काही काही ठिपके तर उलटे इतके ठामपणे उलटे की जीन एलडीएल वाढवतोय आणि अटॅक कमी करतोय. पाच मिनिटं वाटलं की अख्खं जग चुकलंय. मग वाटलं की एक माणूस चुकलाय असं धरणं जास्त शहाणपणाचं.

सगळ्यात ठाम उलटा ठिपका उघडून बघितला. पीसीएसके-९ जीनमधला आर-४६-एल बदल, आरएस ११५९११४७. लिपिडच्या फाइलमध्ये ही ओळ टी अक्षराच्या हिशोबाने लिहिलेली, टी असेल तर एलडीएल अर्धा एसडी (स्टँडर्ड डेव्हिएशन, लोकालोकांतल्या चढउताराचं माप) कमी. हृदयाच्या फाइलमध्ये तीच ओळ जी अक्षराच्या हिशोबाने, जी असेल तर धोका जास्त. दोन्ही गोष्टी खऱ्या आणि दोन्ही एकच सांगतायत, फक्त एकाने खर्चाच्या बाजूने लिहिलंय आणि दुसऱ्याने जमेच्या, आणि मी शहाणीने दोन्ही आकडे तसेच घेऊन भागाकार केला. अधिक भागिले वजा, झालं उलटं.

१५ जून, रविवार

सगळ्या ओळी एकाच अक्षराच्या हिशोबाला आणल्या, हार्मोनाइझ म्हणतात ते हेच. जिथे अक्षरं उलटी तिथे बीटाचं, म्हणजे परिणामाच्या आकड्याचं, चिन्ह बदलायचं, सोपं आहे. पण ए-टी किंवा सी-जी अशा जोड्या असतात तिथे खरी गोची, कारण डीएनएच्या दोन पदरांवर ए समोर टी आणि सी समोर जीच असतो, मग या फाइलमधला सी म्हणजे त्या फाइलमधला सीच की समोरच्या पदरावरून वाचलेला जी, ते अक्षर बघून कळतच नाही. ते अक्षर किती टक्के लोकांत आहे त्यावरून ओळखायचं, एकात २० टक्के आणि दुसऱ्यात ८० असेल तर पदर उलटा. पन्नासच्या आसपास असेल तर देवालाही कळणार नाही, ती ओळ काढून टाकायची. तशा काही काढल्या.

एकमेकांच्या शेजारी बसून एकच गोष्ट परत परत सांगणारे स्निप पण गाळले, क्लम्पिंग म्हणतात त्याला, नाहीतर एकाच साक्षीदाराला दहा वेळा उभं केल्यासारखं होतं. उरले ऐंशीच्या आसपास.

आणि मग प्लॉट. काय सांगू, ठिपके शहाण्या मुलांसारखे एका रेषेत. एलडीएल एक एसडी, म्हणजे ढोबळ ३५ ते ४० मिलिग्रॅम, वाढलं की हृदयविकाराचा धोका दीडपट किंवा थोडा वरच. एकेक स्निप काढून परत चालवलं तरी उत्तर हलत नाही, एगर आणि मीडियन पद्धतींनीही, म्हणजे काही स्निप मागच्या दाराने जाणारे असले तरी सांभाळून घेणाऱ्या पद्धतींनीही, तेच. रात्री पाऊणला आईला उठवून प्लॉट दाखवला, ती म्हणाली छान आहे, झोप आता.

१७ जून, मंगळवार

पीसीएसके-९ नेच शनिवारी मला आडवं केलं म्हणून आज त्याच्याबद्दल वाचलं. २००३ मध्ये फ्रान्सच्या गटाने दाखवलं की काही घराण्यांत हा जीन जास्त जोरात चालतो आणि त्यांचं कोलेस्टेरॉल आभाळाला भिडलेलं असतं. मग २००६ मध्ये जोनाथन कोहेन आणि हेलन हॉब्ज यांनी अमेरिकेत उलटं बघितलं, ज्यांच्यात हा जीन मंद आहे अशी माणसं. तिथल्या गोऱ्या लोकांत आर-४६-एल वाल्यांचं एलडीएल १५ टक्के कमी आणि हृदयविकार ४७ टक्के कमी. काळ्या लोकांत या जीनचं प्रोटीन अर्धवटच तयार होईल असे बदल २.६ टक्के लोकांत, एलडीएल २८ टक्के कमी आणि हृदयविकार ८८ टक्के कमी. मग कंपन्यांनी याच प्रोटीनला बांधून ठेवणारी इंजेक्शनं काढली, २०१५ पासून बाजारात आहेत.

एक गोष्ट मात्र खटकत होती. १५ टक्के एलडीएल कमी होऊन धोका जवळजवळ निम्मा? गोळ्यांच्या ट्रायलमध्ये तर एवढा फायदा दिसत नाही. उत्तर वेळेत आहे. स्टॅटिनच्या ट्रायल एकत्र केल्या तर एलडीएल १ मिलिमोल, म्हणजे आप्पांच्या रिपोर्टच्या हिशोबात सुमारे ३९, कमी केल्यावर पाचेक वर्षांत धोका साधारण २२ टक्के कमी होतो, आणि २०१२ मध्ये ब्रायन फेरेन्स यांनी जीनवरून तेवढ्याच घटीचा हिशोब मांडला तर ५४ टक्क्यांच्या वर. गोळी साठाव्या वर्षी सुरू होते, जीनची चिठ्ठी जन्माच्या आधी निघालेली असते, नळीत साठ वर्षं गाळ कमी बसलाय. म्हणून एमआरचा आकडा बघून "गोळी घेतली की एवढाच फायदा" असं म्हणायचं नाही. दिशा विश्वासाची, आकडा जन्मभराचा.

२० जून, शुक्रवार

पालख्या आज पुण्यात, आमचा रस्ता दुपारपासून बंद, ऑफिसने घरूनच काम करा सांगितलं. संध्याकाळी मोकळी होते म्हणून एचडीएल चालवलं. कोड तोच, फाइल बदलली, सहा मिनिटं.

नेहमीच्या आयव्हीडब्ल्यू पद्धतीने, म्हणजे सगळ्या स्निपांची वजन देऊन काढलेल्या सरासरीने, आलं: एचडीएल वाढलं की धोका कमी. आप्पा जिंकले.

पण प्लॉट बघवत नाही. एलडीएलचे ठिपके दिंडीसारखे एका ओळीत चालले होते, हे म्हणजे दिंडी चुकलेले वारकरी, काही चांगले, काही काहीच न करणारे, काही उलटे. एगर पद्धतीने फायदा जवळपास विरघळून गेला. मग एकेक स्निप कुठल्या जीनजवळचा आहे ते शोधत बसले, आणि इथे ती तिसरी अट येऊन उभी राहिली. एलपीएल जीन एचडीएल वाढवतो खरा पण तो मुळात ट्रायग्लिसराइड फोडतो. एपीओए-५ तसंच. सीईटीपी मंद पडला की एचडीएल वाढतं पण एलडीएलही थोडं खाली येतं. म्हणजे एचडीएलचे म्हणून घेतलेले निम्मे साक्षीदार दुसऱ्याच पार्टीचे. मल्टीव्हेरिएबल केलं, म्हणजे एलडीएल आणि ट्रायग्लिसराइड पण सोबत घेतले, तर एलडीएल ठाम उभं आणि एचडीएलचं श्रेय बरंचसं गळून पडलं.

२१ जून, शनिवार

हे लिहायची लाज वाटतेय पण लॉग आहे तर लिहायलाच पाहिजे. काल रात्री कोड एवढा सोपा पडतोय बघून मी लूप लावून एचडीएल विरुद्ध तीस आजार चालवले. दमा, मायग्रेन, संधिवात, जे दिसेल ते. तिसांत तीन "सिग्निफिकंट" निघाले आणि अर्धा तास मी एकाचं शीर्षक पण जुळवत होते. मग लक्षात आलं की कारण काय असेल याचा विचारही मी निकाल आल्यावर सुरू केला. तीस वेळा फासे टाकले की एक-दोनदा दान पडणारच, वर साक्षीदार कालचेच फुटलेले. असे पेपर सध्या ढिगाने येतायत, दोन तयार फाइल्स, एक पॅकेज, चार प्लॉट, आणि जर्नलवाले आता त्यांना दारातूनच परत पाठवायला लागलेत. काल रात्री मी त्या रांगेत उभी होते. फोल्डर डिलीट केलं.

२४ जून, मंगळवार

शंभर संशयास्पद साक्षीदारांपेक्षा एक स्वच्छ साक्षीदार बरा, म्हणून फक्त एचडीएल हलवणारा जीन शोधत होते. हा शोध लोकांनी आधीच घेऊन ठेवलाय. एलआयपीजी जीन, त्याचं एन्झाइम एचडीएल मोडतं, आणि त्यातल्या ३९६ व्या जागेवर एक अमिनो ॲसिड बदललेलं असेल तर एचडीएल वाढतं, एलडीएल-ट्रायग्लिसराइड जागच्या जागी. साधारण २.६ टक्के लोकांत असतं. २०१२ च्या लॅन्सेटमध्ये सेकर कथिरेसन यांच्या गटाने जवळपास २१ हजार अटॅकवाले आणि ९५ हजार बिनअटॅकवाले तपासले. एचडीएल खरंच रक्षण करत असेल तर या लोकांचा धोका १३ टक्के कमी निघायला हवा होता. निघाला शून्य फरक, ऑड्स रेशो ०.९९ (१ म्हणजे काहीच फरक नाही).

आणि हे कागदावरचंच नाही. त्याआधी डिसेंबर २००६ मध्ये टॉर्सेट्रॅपिब नावाच्या औषधाची १५ हजार लोकांवरची ट्रायल मध्येच थांबवावी लागली, एचडीएल ७२ टक्के वाढलं होतं आणि मृत्यूही वाढले होते. त्या औषधाने रक्तदाब पण वाढत होता, त्यामुळे सगळं खापर एचडीएलवर फोडता येत नाही. पण मग त्याच जातीची दोन औषधं, डॅल्सेट्रॅपिब आणि इव्हासेट्रॅपिब, तीही एचडीएल वाढवून बिनकामाची निघाली. २०१७ मध्ये अ‍ॅनासेट्रॅपिबने ९ टक्के फायदा दाखवला खरा, पण त्यात बॅड कोलेस्टेरॉलही कमी झालं होतं आणि फायदा तेवढ्या घटीला साजेसाच होता.

सगळ्यात मजेशीर २०१६ चं, एससीएआरबी-१ जीन बिघडलेली काही माणसं. त्यांचं एचडीएल भरपूर, आणि तरी हृदयविकार जास्त. कारण हा जीन म्हणजे यकृताचं दार, एचडीएलने गोळा करून आणलेलं कोलेस्टेरॉल तिथे उतरवायचं असतं. दार बंद, म्हणून रक्तात भरलेल्या एचडीएलची रांग लागलेली. कचऱ्याच्या गाड्या रस्त्यावर खूप दिसतायत म्हणजे सफाई जोरात चाललीये असं नसतं, कधीकधी डेपो बंद असतो! आप्पांना हे सांगायचं, नगरपालिकेत बत्तीस वर्षं काढलीत त्यांनी.

२८ जून, शनिवार

कॉलेजच्या सरांना प्रकल्प दाखवला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, दोन्ही फाइल्समधली माणसं कुठली? मी म्हटलं, सर, लिपिडची बहुतेक सगळी युरोपियन वंशाची, हृदयाची बरीचशी, पण त्यात तेरा टक्के दक्षिण आशियाई आहेत. "मग दुसऱ्या अटीचं काय केलंस?" आणि मग त्यांनी दुधाचं उदाहरण दिलं जे मी विसरणार नाही. मोठेपणी दूध पचवणारा जो लॅक्टेजचा बदल आहे तो आपल्याकडे वायव्येला जास्त, दक्षिणेकडे-पूर्वेकडे कमी, आणि युरोपात आहे तोच. आता पंजाब आणि कोकणातली माणसं एकत्र करून बघितलं तर हा जीन असलेली माणसं मासे कमी खाताना दिसणार, दूध पचवण्याच्या जीनमुळे माशांची आवड जाते असा निकाल तुझा कोड बिनदिक्कत देईल. चिठ्ठी घरातल्या घरात निघते, अख्ख्या देशात मिळून नाही.

मग त्यांनी पुण्याचाच पेपर काढून दिला, मला माहीतच नव्हता. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चाललेला गरोदर बायकांचा अभ्यास, इथल्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. याज्ञिकांचा. आपल्याकडे बी-१२ कमी, त्यामुळे रक्तातलं होमोसिस्टीन नावाचं अमिनो ॲसिड जास्त, आणि आईचं होमोसिस्टीन जास्त तर बाळ वजनाने कमी असं दिसत होतं. पण ते गरिबीमुळे, खाण्यामुळे, शेतातल्या कामामुळे असू शकतं. म्हणून पुण्याचा आणि म्हैसूरचा डेटा मिळून २०१४ मध्ये होमोसिस्टीन वाढवणारा एमटीएचएफआर जीनचा बदल वापरून एमआर केलं, आणि जीननेही त्याच दिशेला बोट दाखवलं. इथे आणखी एक गुंता असतो, आईच्या जीनची एक प्रत बाळातही जाते, मग परिणाम आईच्या रक्तातून झाला की बाळाच्या स्वतःच्या जीनमधून, ते सोडवावं लागतं.

निघताना सर म्हणाले, चीनचं २०१९ चं दारूचं बघ. ते घरी येऊन वाचलं आणि आडवीच झाले. थोडी दारू हृदयाला-मेंदूला बरी असं सगळीकडे दिसायचं ना, तर पूर्व आशियात काहींच्या शरीरात असा बदल असतो की घोटभर घेतली तरी चेहरा लाल आणि मळमळ, ते पीतच नाहीत फारसे. त्या चिठ्ठीवरून बघितलं तर थोड्या दारूचा स्ट्रोकपासून बचाव वगैरे काही नाही, जितकी जास्त तितका धोका जास्त. पण खरी हुशारी पुढे: तिथल्या बायका जवळजवळ पीतच नाहीत, मग बायकांत हाच जीन बघितला. जीन मागच्या दाराने काही करत असेल तर बायकांतही धोका दिसायला हवा. दिसला नाही. तिसरी अट सिद्ध होत नाही म्हणून मी रडत होते, पण तिला असं कोपऱ्यात गाठता येतं.

६ जुलै, रविवार

आषाढी. खिचडी खाऊन आप्पांना व्हिडिओ कॉल केला, दोन्ही प्लॉट पाठवून ठेवले होते. चिठ्ठीचं त्यांना लगेच पटलं, कचऱ्याच्या गाडीचं तर इतकं की काकूला बोलावून परत ऐकवलं. मग विचारलं, "मग एचडीएल तपासायचे पैसे घेतात कशाला?" म्हटलं, आप्पा, मुंग्या अंडी घेऊन निघाल्या की पाऊस येणार हे कळतं, म्हणून मुंग्या पाळून पाऊस पडत नाही. एचडीएल वरून धोक्याचा अंदाज बांधायला मदत होते, डॉक्टर तेवढ्यासाठी बघतात, पण ते तुमच्या एकशे बावन्नला धुऊन काढेल ह्याला पुरावा नाही.

थोडा वेळ शांत होते. मग म्हणाले, "हे सगळं गोऱ्या लोकांचं ना? आपल्या माणसांवर कोणी बघितलंय का?"

सरांचाच प्रश्न, सांगलीहून. ते तेरा टक्के वेगळे करता येतात का मी बघितलं, पण सगळ्यांची एकत्र केलेली फाइल आहे त्यामुळे मला ते फोडता येणार नाहीत. जीनोम इंडिया या सरकारी प्रकल्पाचे सुमारे दहा हजार भारतीयांचे जीनोम जानेवारीत फरीदाबादच्या डेटा सेंटरमधून संशोधकांना खुले झालेत, पण तिथे अर्ज करायला संस्था लागते आणि माझ्यामागे संस्था नाही. सरांना मेल टाकलाय. ब्रिटनच्या बायोबँकेत दक्षिण आशियाई लोक पाच लाखांत जेमतेम दहा हजार, एवढ्यावर दुर्मिळ बदल बघायचा म्हणजे मोजकीच माणसं हाताला लागणार, तरी एलडीएलसाठी जमेल बहुतेक.

गोळीचं आप्पांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. काकूने मागून हात करून सांगितलं की स्ट्रिप आणून ठेवलीये.